मालगुंडचा यमकाचा वर्ग : जा, पण गझलेसाठी जाऊ नका

पैसे वसूल झाले का, तर हो झाले. कवितेचा वर्ग म्हटल्यावर आपल्याला भाषणं, शाल-श्रीफळ आणि मग प्रत्येकाने वही काढून आपली कविता ऐकवायची असलं काहीतरी वाटतं, तसं इथे अजिबात नाही. शनिवार-रविवार, मालगुंडात एका वाडीतल्या घराची पडवी, पंधराएक माणसं आणि शिकवायला मराठीच्या रिटायर झालेल्या बाई. फी अडीच हजार, जेवण-चहा त्यातच. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने या, तेवढाच समुद्र बघून होतो.

पहिल्याच तासाला बाईंनी नियम टाकला, ओळीच्या शेवटी क्रियापद चालणार नाही. सगळे कुरकुरले, मीपण, कारण मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापदच येतं ना, मग आला-गेला-केला, राहते-वाहते असली यमकं फुकटात पडतात आणि कविता लिहिली असं वाटून आपण खूश. ते बंद केलं की वाक्य उलटंसुलटं करून बघावं लागतं, शेवटी नाम नाहीतर विशेषण आणायला लागतं, आणि खरी मजा तिथेच चालू होते. कारण मग यमक शोधताना जे डोक्यात नव्हतंच ते सापडतं. बाईंनी 'सकाळी' दिला, सगळ्यांनी काळी, जाळी, दिवाळी, टाळी काढली, तोच मागच्या बाकावरून एक रिक्षावाले दादा म्हणाले,

लाईट गेली सकाळी
हात मारिला कपाळी

म्हणजे बरोबर आठ-आठ अक्षरं, लहान अभंगाचं माप. दादांना अभंगाचं माप वगैरे काही माहिती नव्हतं, कानातच होतं ते.

दुपारी वृत्तं. मला वाटलं आता झोप येणार. पण बाईंनी फळ्यावर काही न लिहिता मांडीवर हात मारून 'लगागा लगागा लगागा लगागा' म्हणायला लावलं, हेच भुजंगप्रयात, मनाचे श्लोक याच चालीतले, बारा अक्षरं. मग लघु-गुरु, म्हणजे ल हे आखूड आणि गा हे लांब अक्षर, आपोआप कळायला लागलं. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरु होतं म्हणून 'पुस्तक'मधला पु गुरु, पण 'तुम्ही'तला तु लघुच, कारण तिथे आघात येत नाही. शाळेत हे घोकलं होतं, कळलं आत्ता. चहापर्यंत आमच्या गटाने मिळून हे केलं,

मला हापुसाची नको आज फोड
जरा मीठ लावून कैरीच गोड

ग्रेट नाही माहितीये, पण मात्रा मोजून बघा, कुठे अडखळत नाही!

बेस्ट पार्ट मात्र ठरलेल्या कार्यक्रमात नव्हताच. वर्गात एक काका शक्तीतुऱ्यात, म्हणजे बाल्या नाचातल्या सवाल-जवाबाच्या सामन्यात, गाणारे निघाले. गणपतीत बाल्या नाच बघितलाय त्यांना माहितीये, समोरच्या पार्टीने सवाल टाकला की जवाब यमकात, चालीत आणि लगेच द्यायचा असतो. बाईंनी सरळ खडू त्यांच्या हातात दिला. काका म्हणाले जवाबाचा शेवटचा शब्द आधी धरायचा आणि तिथपर्यंत चालत जायचं. माझ्यासाठी अडीच हजारातले दोन हजार त्या अर्ध्या तासाचे.

रविवारी सकाळी केशवसुत स्मारकात नेतात. 1866 साली इथेच जन्मलेले, चौदा ओळींचं सुनीत मराठीत आणणारे कवी, त्यांच्या गावात बसून सुनीताची यमकं कशी गुंफतात हे बघायला मिळायला हवं होतं, पण तिथे फोटो काढण्यातच वेळ गेला.

आता तक्रारी. गझल शेवटच्या तासात कोंबली. काफिया म्हणजे यमकाचा शब्द आणि रदीफ म्हणजे त्याच्यामागे दर वेळी तसाच येणारा शब्द, इथपर्यंत ठीक, अलामत, म्हणजे यमकाच्या अक्षराआधीचा न बदलणारा स्वर, तर घाईघाईत सांगून टाकली, निम्म्यांना काही कळलं नाही. झेरॉक्स इतकी फिकी की ल आणि गा एकसारखेच दिसत होते. संध्याकाळी डास. जेवण मात्र एक नंबर, तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी मागाल तेवढी.

मुक्तछंदच लिहायचा असेल तर वैतागाल. उखाणे, वाढदिवसाच्या चारोळ्या, गौरीची गाणी असलं काही करायची हौस असेल तर नक्की जा. पुढची बॅच गणपतीनंतर आहे म्हणतात, फोन करताना झेरॉक्सचं तेवढं सांगा, मी पण सांगितलंय.