लाइट इन्स्टॉलेशनचे थर कशाचे करायचे: कापड, ॲक्रिलिक की ट्रेसिंग पेपर?

मटेरियल नंतर बघा, आधी लाइट कुठून येणार ते ठरवा. बरेच जण उलटं करतात आणि मग एलईडी कुठे लपवायचे म्हणून डोकं धरून बसतात.

प्रोजेक्टर असेल आणि लोक मधून फिरणार असतील तर सरळ कापड, म्हणजे ऑर्गंझा नाहीतर बारीक नेट. व्हिडिओ आर्टिस्ट बिल व्हायोलाने १९९५ मध्ये ‘द व्हेलिंग’ या इन्स्टॉलेशनसाठी ९ पातळ पडदे एकामागे एक टांगले, दोन टोकांना दोन प्रोजेक्टर ठेवले, मग चित्र पडद्यापडद्याला मोठं आणि पुसट होत जातं. जवळून कुणी गेलं की कापड हलतं, हे तर फुकटचं ॲनिमेशन! फक्त दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की लाटांसारखे पट्टे दिसतात, ते नको असतील तर एक जाळी जरा फिरवून बघा. आणि पब्लिक हॉल असेल तर फायर रिटार्डंट, म्हणजे सहज पेट न घेणारं कापडच घ्या, यात काटकसर नको.

ॲक्रिलिकचा खरा दम कडेने लाइट दिल्यावर कळतो, लाइट शीटच्या आतच फिरत राहतो आणि जिथे कोरलंय तिथेच उजळतो, त्यामुळे प्रत्येक थराला वेगळी एलईडी स्ट्रिप लावून एकेक चित्र पेटवता येतं जे कापडात जमणारच नाही. ट्रान्सपरंट शीट साधारण ९२ टक्के लाइट सोडते, म्हणजे ५ थरांनंतरही ६६ टक्के उरतो, पण निम्माच लाइट सोडणाऱ्या दुधी शीट लावल्या तर तिसऱ्यानंतर ढोबळमानाने साडेबारा टक्के! म्हणून दुधी शीट एकच ठेवा. त्रास म्हणजे ओरखडेही तितकेच चमकतात, स्टॅटिकने धूळ चिकटते, आणि स्पिरिटने पुसलं तर बारीक तडे जातात. स्क्रूची भोकं थोडी मोठी पाडा, १ मीटरची शीट तापमान १० डिग्री चढलं की जवळजवळ ०.७ मिमी वाढते.

ट्रेसिंग पेपरचा उजेड मला सगळ्यात मऊ वाटतो, पण दमट हवेत तो लाटा खातो. छोटा शो असेल तर ठीक, नाहीतर पॉलिएस्टरची ड्राफ्टिंग फिल्म घ्या.

रंगीत थरांत मात्र जपून, प्रत्येक फिल्टर काहीतरी खातोच, लाल आणि सायन (हिरवट निळा) एकावर एक ठेवले तर जवळपास काळोख.

स्ट्रिप ६० एलईडी प्रति मीटरवाली असेल तर दोन एलईडीत साधारण १७ मिमी अंतर असतं, पसरवणारा थर निदान तेवढा तरी लांब ठेवा, जागा नसेल तर १४४ वाली घ्या, नाहीतर ठिपके दिसणारच.