अर्काडी रेन्को मालिका : सलग वाचून काढल्यावर

मार्टिन क्रूझ स्मिथ या अमेरिकन लेखकाच्या, मॉस्कोतल्या अर्काडी रेन्को नावाच्या तपासनिसाच्या मालिकेत एकूण अकरा कादंबऱ्या आहेत. पहिली 'गॉर्की पार्क' १९८१ ची. शेवटची 'हॉटेल युक्रेन' २०२५ च्या जुलैत आली आणि त्याच महिन्यात लेखक गेला. म्हणजे मालिका आता पूर्ण आहे, पुढच्या भागासाठी ताटकळायला नको. मी दिवाळीनंतर सुरुवात केली आणि बाजारात आंबे दिसायला लागले तेव्हा संपत आली होती. वाचन बहुतेक कोर्टाच्या व्हरांड्यात, पुकारा होईपर्यंतच्या वेळात, मोबाइलवर. दोन-तीन जुनी पेपरबॅक मिळाली, पण त्यांचा टाइप इतका बारीक की चाळिशी लागलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

माझं काम वकिलाच्या कचेरीत. पंचनामे, जबान्या, दोषारोपपत्रं रोजची. त्यामुळे डिटेक्टिव्ह कादंबरीत मला पहिल्यांदा खटकते ती कागदपत्रांची बेफिकिरी. हिरो येतो, बघतो, ओळखतो, पकडतो. फाइल कुणी लिहिली, सही कुणाची, वरून फोन आला का, याचा पत्ताच नसतो. रेन्कोच्या गोष्टींत उलट आहे. खुनी कोण याचा अंदाज वाचकाला बऱ्याचदा मध्यावर येतो. खरी मारामारी असते ती फाइल बंद होऊ न देण्याची.

हा रेन्को पोलीस नाही. आपल्याकडे तपास पोलिसांचा आणि खटला सरकारी वकिलाचा. तिकडे गंभीर गुन्ह्यांचा तपास प्रॉसिक्यूटरच्या कचेरीतला तपासनीस करायचा आणि पोलीस, म्हणजे तेव्हाची 'मिलित्सिया', त्याच्या हाताखाली धावपळ करायचे. त्यामुळे रेन्कोचा साहेब हा प्रॉसिक्यूटर असतो, आणि नंतरच्या पुस्तकांतला झुरिन नावाचा साहेब हा मला अख्ख्या मालिकेतला सर्वांत खरा माणूस वाटला. तो कधी आरडाओरडा करत नाही, लाच घेतानाही दिसत नाही. त्याला फक्त प्रकरण नको असतं. श्रीमंत माणूस खिडकीतून पडला? आत्महत्या, अकस्मात मृत्यूची नोंद करा आणि मोकळे व्हा. रेन्को ऐकत नाही म्हटल्यावर त्याला साइड पोस्टिंग. असा साहेब ज्याने कधी पाहिला नाही त्याने हात वर करावा.

फक्त साम्यवादानंतरचा रशिया हवा असेल तर 'रेड स्क्वेअर' (१९९२) पासून सुरू करा. 'गॉर्की पार्क' आणि 'पोलर स्टार' उत्तम आहेत, पण ती सोव्हिएत काळातली. 'रेड स्क्वेअर' बरोबर उंबरठ्यावर उभी आहे: १९९१ चा ऑगस्ट. मॉस्कोत रात्रीचा काळाबाजार भरलाय, आणि रूडी रोझेन नावाचा एक बँकर आपल्या ऑडीत बसून बँक चालवतोय. कॉम्प्युटर, फॅक्स, रोकड, सगळं गाडीत. रेन्को त्याच्याशी बोलून खाली उतरतो आणि गाडी पेटते. पुढे मेलेल्या रूडीच्या घरच्या फॅक्सवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतो: 'रेड स्क्वेअर कुठे आहे?' मॉस्कोतल्या माणसाला हे विचारणं म्हणजे मुंबईत गेटवे कुठे आहे असं विचारणं. उत्तर सांगत नाही, पण ते भूगोलाच्या पुस्तकात मिळणार नाही. शेवट १९ ते २१ ऑगस्टच्या, गोर्बाचोव्हविरुद्धच्या फसलेल्या बंडात, नदीकाठच्या व्हाइट हाउसभोवती, म्हणजे रशियन संसदेभोवती, जमलेल्या गर्दीत होतो. ही गर्दी त्याने फार छान लिहिली आहे. लोकांना आपण काय करतोय हे नीट माहीत नाही, पण घरी जायचं नाही एवढं ठरलेलं आहे.

इथून पुढे वाचण्याआधी थोडा गृहपाठ करा. जानेवारी १९९२ मध्ये बहुतेक वस्तूंच्या किमती एकदम मोकळ्या सोडल्या आणि लोकांची आयुष्यभराची शिल्लक महागाईत वाहून गेली. त्याच वर्षी प्रत्येक नागरिकाला दहा हजार रूबल दर्शनी किमतीचं व्हाउचर मिळालं: सरकारी कारखान्यांत तुमचा हिस्सा. पुष्कळांनी ते मिळेल त्या भावाला विकलं. १९९५ मध्ये सरकारला कर्ज देऊन बँकांनी तेल आणि निकेलच्या कंपन्या तारण घेतल्या आणि त्या त्यांच्याच घशात गेल्या. हे ठाऊक नसेल तर नंतरच्या पुस्तकांतले अब्जाधीश आभाळातून पडल्यासारखे वाटतात. ठाऊक असेल तर त्यांच्या दिवाणखान्यातल्या सोफ्याचाही हिशेब लागतो.

आता 'वुल्व्ज ईट डॉग्ज' (२००४). वेळ कमी असेल तर हे एकच वाचा. पाशा इवानोव नावाचा बडा उद्योगपती आपल्या महागड्या फ्लॅटच्या दहाव्या मजल्यावरून पडून मेलाय. दार आतून बंद, कॅमेऱ्यात कुणी नाही, झुरिनची आत्महत्येची ओळ तयार. रेन्को घरात हिंडतो आणि कपड्यांच्या खोलीत त्याला मीठ सापडतं. चिमूटभर नाही, जमिनीवर ढीग. प्रेताजवळही मिठाची बाटली आहे. साहेबांच्या मते श्रीमंतांची लहर. रेन्को मात्र त्या मिठाशी अडतो आणि अडूनच राहतो. या प्रसंगात लेखक एकही विशेषण वाया घालवत नाही. सूट, बूट, मीठ आणि बाहेर वाट बघणारे कंपनीचे लोक. पुढे कळतं की साध्या मिठासारख्या दिसणाऱ्या आणखी एका पदार्थाची ही गोष्ट आहे, आणि तपास चेर्नोबिलला जातो. झुरिनच पाठवतो, ब्याद टळावी म्हणून. तिथे रेन्कोला अधिकार शून्य, कारण चेर्नोबिल आता युक्रेनमध्ये, म्हणजे परदेशात.

अर्धं पुस्तक त्या निर्मनुष्य पट्ट्यात घडतं. २६ एप्रिल १९८६ ला अणुभट्टी फुटली, दुसऱ्या दिवशी प्रिप्यात शहरातली जवळजवळ पन्नास हजार माणसं बसमध्ये घालून हलवली, आणि तीस किलोमीटरचा परिसर बंद झाला. पण काही म्हातारे-म्हाताऱ्या गुपचूप परतले. कादंबरीतलं असं एक जोडपं रेन्कोला जेवायला बसवतं: घरचं डुक्कर, घरची भाजी, घरी गाळलेली दारू. हातातलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र कटकट करतंय आणि आजी वाढतेच आहे. खायचं की नाही? हा प्रसंग मी परत परत वाचला. पाहुण्याने ताटाला नाही म्हणायचं नसतं, हे तिथेही आपल्यासारखंच दिसतं.

हे सगळं अतिरंजित वाटलं तर तारखा बघा. १९९५ मध्ये बँकर इवान किवेलिदीला टेलिफोनच्या रिसीव्हरला विष लावून मारलं. त्याच वर्षी चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या इझमाइलोवो पार्कात किरणोत्सर्गी सीझियमचं पार्सल पुरून टीव्हीवाल्यांना पत्ता दिला. आणि कादंबरी आल्यानंतर दोन वर्षांनी, २००६ मध्ये, लंडनमध्ये रशियाचा माजी गुप्तहेर लित्विनेन्को पोलोनियम या किरणोत्सर्गी विषाने मेला. आपला लेखक वास्तवाच्या एक पाऊल पुढेच होता म्हणायचं.

'स्टालिन्स घोस्ट' (२००७) ची सुरुवात भन्नाट आहे. चिस्तिये प्रुदी मेट्रो स्टेशनवर शेवटच्या गाडीतल्या प्रवाशांना फलाटावर साक्षात स्टालिन दिसतो. भूत वगैरे काही नाही, निवडणूक आहे, आणि त्यामागे भाड्याने आणलेले अमेरिकन प्रचारतज्ज्ञ. गोष्ट पुढे त्व्हेर शहरात जाते, जिथे हौशी मंडळी महायुद्धातल्या सैनिकांचे सांगाडे उकरतात. १९४० साली याच शहरात, तेव्हाच्या कालिनिनमध्ये, स्टालिनच्या पोलिसांनी सहा हजारांवर पोलिश कैदी गोळ्या घालून मारले आणि जवळच्या मेद्नोयेला पुरले. एवढं लक्षात ठेवून शेवटची प्रकरणं वाचा.

'तात्याना' (२०१३) मधली पत्रकार इमारतीवरून पडून मरते. ती कोणावर बेतली आहे हे लपलेलं नाही: चेचन्याबद्दल लिहिणारी आन्ना पोलितकोव्स्काया, जिला ७ ऑक्टोबर २००६ ला तिच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये गोळ्या घातल्या. कादंबरीतलं कालिनिनग्राद, म्हणजे जुनं जर्मन क्योनिग्सबेर्ग, मजेदार जागा आहे: पोलंड आणि लिथुआनियाच्या मध्ये अडकलेला रशियाचा तुकडा, अंबरच्या (दागिन्यांतल्या पिवळ्या राळेच्या) खाणी, तत्त्वज्ञ कांटची कबर. छपरावर डुक्कर बसवलेली खाटकाची व्हॅन समुद्रकिनारी फिरते, ती मला अजून दिसते.

तक्रारी आहेतच. 'थ्री स्टेशन्स' (२०१०) घाईत उरकलं आहे. मॉस्कोच्या तीन रेल्वे स्टेशनांच्या चौकातली फुटपाथवरची पोरं सुरेख, पण धागे लोंबकळत राहतात. 'द सायबेरियन डिलेमा' (२०१९) मध्ये बैकाल सरोवराचं बर्फ आणि अस्वलं सोडली तर फारसा ऐवज नाही. लेखकाला १९९५ पासून पार्किन्सन्स होता आणि २०१३ पर्यंत त्याने ते लपवलं; पुढे तो तोंडी सांगायचा आणि पत्नी टाइप करायची. शेवटच्या पुस्तकांचं पातळपण त्यामुळे समजून घेता येतं, पण विकत घेणाऱ्याने ते जाणून घ्यावं. शेवटच्या दोन भागांत हाच आजार त्याने रेन्कोला दिला. पिस्तूल धरणारा हात थरथरतो, ती पानं माहितगार माणसाने लिहिलेली आहेत हे लगेच कळतं.

वयाचा हिशेब मात्र कुणीही लावू नये. 'गॉर्की पार्क' १९७७ मध्ये घडते, तेव्हा रेन्को तिशी ओलांडलेला मुख्य तपासनीस. 'हॉटेल युक्रेन' २०२२ च्या युद्धकाळातली. म्हणजे गडी पंचाहत्तरीपुढे असूनही नोकरीत, मार खातोय आणि प्रेमातही पडतोय! प्रेमप्रकरणांचा साचाही ठरलेला: हुशार, दुखावलेली बाई, आधी संशय, मग शेकोटी. तिसऱ्या वेळी मी पानं भराभर उलटली.

दुसरं असं की हा अमेरिकन लेखकाचा रशिया आहे. 'गॉर्की पार्क' लिहिण्याआधी तो मॉस्कोला थोडेच दिवस जाऊन आला होता, आणि सोव्हिएत संघात त्या पुस्तकावर बंदी होती. खुद्द रशियनांनी नव्वदच्या दशकात डोक्यावर घेतली ती अलेक्सांद्रा मारिनिनाची अनास्तासिया कामेन्स्काया. मारिनिना स्वतः मिलित्सियात लेफ्टनंट कर्नल होती. तिच्या नायिकेला सकाळी उठवत नाही, पाठ दुखते, कॉफीशिवाय डोकं चालत नाही, आणि पगार पुरत नाही. तिथे गुन्हा स्वयंपाकघरातून दिसतो. रेन्कोकडे तो नेहमी हवामानासकट येतो, बर्फ, धुकं, चिखल. लोकवाङ्मय गृहाच्या स्टॉलवरची गुळगुळीत कागदाची, स्वस्त सोव्हिएत पुस्तकं वाचून ज्यांचा रशिया तयार झाला, त्यांना दोन्ही चित्रं थोडी टोचतील.

इंग्रजी अवघड नाही, पण संवाद तिरके आहेत. माणसं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. त्यामुळे ऑडिओबुक मला जमलं नाही, लोकलच्या गोंगाटात निम्मे टोमणे निसटतात. नावांसाठी सुरुवातीला एक चिठ्ठी करून ठेवा. झेन्या हा बुद्धिबळ खेळणारा अबोल पोरगा 'वुल्व्ज ईट डॉग्ज' मध्ये येतो आणि पुढे मोठा होत जातो, म्हणून निदान तिथपासून तरी क्रम मोडू नका. 'हवाना बे' (१९९९) जवळजवळ पूर्ण क्यूबात घडते. आधीच्या पुस्तकातल्या इरिनाचं, म्हणजे रेन्कोच्या प्रेयसीचं, काय झालं हे त्यात कळतं, नाहीतर ती मागाहून वाचली तरी चालेल. 'थ्री स्टेशन्स' ग्रंथालयातून आणा. 'वुल्व्ज ईट डॉग्ज' पैसे देऊन घ्या, आणि मागायला आलेल्याला देताना नाव लिहून ठेवा. माझी प्रत सध्या आमच्या बार रूममध्ये कुणाकडे आहे ते कोणीच कबूल करत नाहीये.