क्राउन चिपचा जुना डीएसी घेताय? आधी झाकण उघडायला लावा

"क्राउन चिप, जपानी, ओरिजिनल कंडिशन, कधीच न उघडलेला" अशी जाहिरात वाचून जुना डीएसी (सीडीवरच्या आकड्यांचा आवाजाच्या सिग्नलमध्ये बदल करणारा कन्व्हर्टर) घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा. माझे ३८ हजार याच शब्दांवर गेले. विकणारा माणूस गोड बोलणारा, घरी बोलावून चहा पाजणारा, तासभर गाणी ऐकवणारा होता. म्हणून तर हे सविस्तर लिहितोय.

फिलिप्सची टीडीए १५४१ए ही १६ बिटांची, २८ पायांची चिप. एकाच चिपमध्ये दोन्ही चॅनल. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या कितीतरी चांगल्या सीडी प्लेअरमध्ये ती होती. त्यातल्या ज्यांची लिनिअ‍ॅरिटी (लहानमोठे आवाज अचूक प्रमाणात देण्याचा गुण) तपासणीत सरस ठरली, त्यांच्यावर छोटा मुकुट छापला जाई आणि त्यांना एस१ म्हणत. उत्पादन केव्हाच बंद झालं, मागणी मात्र टिकून आहे. त्यामुळे साध्या चिपचा माथा घासायचा, काळा थर द्यायचा आणि वर मुकुट उमटवायचा, हा उद्योग जगभर चालतो. साधी १५४१एसुद्धा उत्तम वाजते, हे आधीच सांगतो. तक्रार चिपबद्दल नाही, खोट्या मुकुटाचे पैसे घेतल्याबद्दल आहे.

झाकण उघडून दाखवा म्हटलं तर उत्तर आलं, "साहेब, तीस वर्षांत स्क्रू फिरलेला नाही. उघडलात की किंमत गेली." मग त्याने आपला नवा सीडी प्लेअर आणि हा डीएसी आलटून पालटून ऐकवले. "व्हॉल्यूमला हात लावू नका, म्हणजे तुलना बरोबर होईल," असंही वर सांगितलं. डीएसीवर आवाज भरदार वाटला, तबल्याचा बायाँ अंगावर आला, गाणारा दोन पावलं पुढे आल्यासारखा वाटला. ही सगळी किमया कशाची, ते घरी मीटर लावल्यावर कळलं. १०० हर्ट्‌झचा पूर्ण पातळीचा टोन वाजवून आउटपुटवर एसी व्होल्ट मोजले. साधारण २ व्होल्ट हवेत, इथे ३.१ आले. चिपमागच्या ऑपअँपपाशी (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपपाशी) १.५ किलोओहमचे रेझिस्टर काढून २.२चे बसवले होते. म्हणजे जवळजवळ ४ डेसिबल जास्त आवाज, आणि कानाला जास्त आवाज नेहमीच चांगला वाटतो. म्हणूनच व्हॉल्यूमला हात लावायचा नव्हता! तुलना करताना दोन्ही यंत्रांची पातळी मीटरने सारखी केल्याशिवाय कुठल्याही आवाजावर विश्वास ठेवू नका. साधा मल्टिमीटर आणि मोबाइलमधला टोन एवढ्यावर काम भागतं.

संशय आला तो तानपुऱ्यामुळे. मैफलीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाणं थांबतं आणि शेवटी नुसता तानपुरा विरत जातो, तिथे उजव्या बाजूने जवारीवर बारीक खरखर येत होती. डाव्या बाजूला स्वच्छ. अ‍ॅम्प्लिफायरला जाणाऱ्या दोन वायरी अदलाबदल केल्या, तर खरखर डाव्या स्पीकरमध्ये गेली. म्हणजे दोष स्पीकरचा किंवा अ‍ॅम्पचा नाही, डीएसीचाच. पारख करायची तर अशाच जागी करा. मोठ्या आवाजातल्या गाण्यात हे सगळं झाकलं जातं. आवाज विझत जातो तिथे कन्व्हर्टर उघडा पडतो.

मग झाकण काढलं. चार स्क्रूंपैकी दोघांच्या खाचा ताज्या चमकत होत्या. बोर्डावरच्या बाकी चिपांवरचे तारखेचे कोड ८९ ने सुरू होणारे, म्हणजे १९८९ सालचे. मुकुटवाल्या चिपवर मात्र ९६! यंत्राहून सात वर्षांनी लहान चिप "ओरिजिनल" कशी असेल? बोर्ड उलटा केला, तर त्या २८ पायांभोवती फ्लक्सचे (सोल्डर करताना लावतात त्या रसायनाचे) पिवळट डाग होते आणि तिथलं सोल्डर बाकीच्यापेक्षा उजळ होतं. कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन चिपचा माथा पुसला. बोळा काळा झाला, अर्धा मुकुट त्याच्यावर आला आणि खाली पॉलिश पेपरच्या आडव्या रेघा दिसल्या. (हे करताना अ‍ॅसिटोन पुढच्या प्लॅस्टिक पट्टीवर किंवा पॉलिस्टायरिन कपॅसिटरवर सांडू देऊ नका, ते विरघळतात.)

खरखरीचं कारण चिपशेजारीच होतं. या चिपला आतल्या करंट विभागणीसाठी १४ छोटे कपॅसिटर लागतात, एका चॅनलला सात. ते चांगले फिल्मचे असावेत. इथे मूळचे उपटून स्वस्त सिरॅमिक डिस्क लावलेल्या, आणि उजव्या चॅनलच्या एका डिस्कचा पाय नुसता टेकलेला, सोल्डर लागलेलंच नव्हतं.

सगळ्यात वाईट गोष्ट वीजपुरवठ्यात निघाली. जपानमध्ये १०० व्होल्टची वीज असते, त्यामुळे तिथल्या यंत्राला आपल्याकडे स्टेप-डाउन तरी लागतो किंवा ट्रान्सफॉर्मर तरी बदलावा लागतो. मागे "२३०" लिहिलेल्या स्टिकरखाली मूळचं १०० कोरलेलं होतं आणि आत कामचलाऊ ट्रान्सफॉर्मर बसवला होता. चिपला उणे १५ व्होल्ट लागतात, ते ७९१५ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) देतो. पण त्याला आत निदान १७ तरी मिळायला हवेत. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की तिथे १५.८ मिळत होते. रेग्युलेटर हात टेकायचा आणि गाण्यात घुंऽऽ सुरू. शिवाय अर्थची वायर कुठेच जोडलेली नव्हती. टेस्टर लावला तर धातूच्या पेटीवर दिवा लागला. घरात लहान मूल असतं तर?

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी "तुम्हीच उघडून बदललं असेल" म्हणाला, मग नंबर ब्लॉक केला. त्याचे "ओरिजिनल, न उघडलेला" हे व्हॉट्सअ‍ॅपवरचे शब्द आणि यूपीआयची नोंद माझ्याकडे आहे. त्याच आधारावर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची लेखी तक्रार दिली आहे. तुमचा व्यवहार ऑनलाइन झाला असेल आणि पैसे नुकतेच गेले असतील, तर १९३० वर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. आणि विक्रेत्याचे दावे तोंडी घेऊ नका, मेसेजमध्ये लिहून घ्या.

या आठवड्यात त्याच शहरातून आणखी एका "न उघडलेल्या" क्राउन डीएसीची जाहिरात आली आहे. यंत्र १९८९चं म्हटलंय. न उघडलेल्या यंत्राच्या आतल्या चिपचा जवळून काढलेला फोटोही सोबत आहे, आणि त्यातला कोड ९६ ने सुरू होतो.