‘बॉक्सबंद’ रेडिएटर आणि गिअरबॉक्सचं बिल

जुना रेडिएटर नवा म्हणून विकण्याचा व्यवहार साधारण असा होतो. गाडी वीस वर्षं जुनी मर्सिडीज सी-क्लास, २००० ते २००७ या काळातली, डब्ल्यू २०३ मालिकेची. मे महिन्यात सायन-पनवेल हायवेच्या ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा वर सरकतो. बोनेट उघडलं की रेडिएटरच्या बाजूच्या प्लास्टिक टाकीवर पांढरट पापुद्रा धरलेला दिसतो. शोरूमचा भाव ऐकून मालक ठरवतो की पार्ट बाहेरून आणायचा आणि घरीच बसवायचा. यात चूक काही नाही, काम घरी होण्यासारखंच आहे. मग कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाऊस, किंवा हल्ली नुसता मोबाइल. कुणीतरी म्हणतं, "शेठ, कंपनीचाच माल आहे, बॉक्सबंद. एकच पीस उरलाय." भाव शोरूमच्या निम्म्याहून कमी. बिलाचं विचारलं तर उत्तर येतं, "पक्कं पाहिजे तर जीएसटी वेगळा." क्यूआर कोड स्कॅन होतो आणि बॉक्स डिकीत जातो.

बसवल्यावर पहिले काही दिवस एक थेंबही पडत नाही. फसवणूक पूर्ण होते ती याच दिवसांत, कारण नंतर तक्रार घेऊन गेलात की वाक्य तयार असतं: "फिट केलेला पार्ट परत होत नाही." पुढे कधीतरी ताशी पन्नास-साठच्या वेगाला, पाय हलका ठेवला असताना, गाडी थरथरते. रस्त्यावरच्या रम्बल पट्ट्यांवरून गेल्यासारखी. मालक टायर बॅलन्स करून घेतो, इंजिन माउंट बदलतो. रेडिएटरचा आणि या थरथरीचा संबंध असेल असं त्याच्या मनातही येत नाही.

ऑटोमॅटिक गाडीच्या रेडिएटरमध्ये पाण्याशिवाय आणखी एक द्रव फिरतो. बाजूच्या एका टाकीत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर बसवलेला असतो, आणि तेल व कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाण्याचं मिश्रण) यांच्यामध्ये फक्त धातूची एक पातळ भिंत असते. ती आतून फुटली की बाहेर थेंब पडत नाही. कूलंट सरळ गिअरबॉक्समध्ये जातं. कूलंटमधलं ग्लायकॉल टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या भागाच्या) लॉकअप क्लचचं लायनिंग खातं. थरथर तिथून येते. त्या काळातल्या काही रेडिएटरना, विशेषतः २००३ च्या आसपासपर्यंत बनलेल्यांना, नेमका हाच दोष होता आणि मर्सिडीजवाल्यांत ही गोष्ट जगभर माहीत आहे. तेव्हा भंगारात गेलेल्या गाडीचा रेडिएटर रंगवून तुम्हाला विकला, तर तो तोच दोष घेऊन आलेला असू शकतो. पंधरा-वीस हजार वाचवायला जाऊन बिल गिअरबॉक्सचं येतं.

आता हा ‘नवा’ माल तयार कसा होतो. जुना रेडिएटर ॲसिडने धुतात, त्यामुळे नळ्या आतून स्वच्छ होतात आणि पातळही होतात. फिन, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या, वाकल्या असतील तर कंगव्याने सरळ करतात. कोअरवर, म्हणजे मधल्या जाळीवर, मॅट काळा स्प्रे. प्लास्टिकच्या टाक्यांना टायर पॉलिश, म्हणजे उन्हाने पांढरं पडलेलं प्लास्टिक पुन्हा काळंभोर. टाकी आणि ॲल्युमिनियमचा जोड गळत असेल तर काठाला सिलिकॉन भरतात, आणि आत स्टॉप-लीक, म्हणजे गळती बुजवणारं रसायन, ओततात. (हळद टाकणाऱ्या जुन्या टॅक्सीवाल्यांचीच ही विद्या, फक्त डबी बदलली.) मग छापलेला बॉक्स, चमचमणारा होलोग्राम आणि श्रिंक रॅप. बॉक्स छापणं हे या सगळ्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, म्हणून बॉक्सबंद या शब्दाला शून्य किंमत द्यावी. दुकानदार बॉक्स उघडू देत नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

उघडू दिला, तर पहिल्यांदा कडा बघा. प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या दातांनी आवळलेली असते. मशीनने एकाच दाबात वळवलेले दात सगळे सारख्या कोनात असतात. टाकी उघडून पुन्हा बसवली असेल तर पकडीचे ओरखडे, एखादा दात जास्त दबलेला, एखादा तुटलेला असं काहीतरी सापडतंच. नंतर मोबाइलचा टॉर्च कोअरच्या मागे धरा. स्प्रेचा रंग फिनच्या पुढच्या कडेवर बसतो, आत खोलवर जात नाही. आतला जुना राखाडी-पिवळट रंग उजेडात उघडा पडतो. होज (रबरी पाइप) जोडायच्या तोंडात बोट घालून फिरवा. नव्या रेडिएटरच्या तोंडांना प्लास्टिकची टोपणं असतात आणि आत कोरडं असतं. बोटाला भुकटी किंवा चिकट काही लागलं, किंवा कूलंटचा गोडसर वास आला, तर तो माल वापरलेला आहे.

टाकीवरच्या घड्याळाकडे तर फारच थोडे लोक बघतात. साच्यातून निघालेल्या बहुतेक प्लास्टिक पार्टवर छोटं वर्तुळ उठवलेलं असतं, कडेने महिन्यांचे आकडे, मध्ये बाण आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचे दोन आकडे. ‘कालच कंटेनर आला’ असं सांगणाऱ्याच्या मालावर तिथे ०४ दिसलं, तर त्याला ते दाखवून शांतपणे निघावं. कधीकधी खरोखरच न वापरलेला जुना स्टॉक असतो, पण टाकीखालचं रबर गॅस्केट वीस वर्षं पडून कडक झालेलं असतं, त्यामुळे तोही नकोच.

पार्ट नंबरचं वेगळंच. मर्सिडीजचा नंबर ‘ए’ आणि पुढे दहा आकडे असा असतो. पहिले तीन आकडे मालिकेचे, पुढचे तीन गटाचे. रेडिएटर ५०० मध्ये येतो, होज ५०१ मध्ये. आपल्या गाडीचा चासी नंबर देऊन अधिकृत पार्ट काउंटरवर आधी नेमका नंबर विचारून घ्या. नुसत्या ‘सी-क्लासचा द्या’ने भागत नाही, कारण मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे रेडिएटर वेगळे, पेट्रोल-डिझेललाही फरक पडू शकतो. चांगल्या आफ्टरमार्केट (गाडी बनवणाऱ्या कंपनीबाहेरच्या) कंपन्या आपल्या बॉक्सवर मूळ नंबरचा संदर्भ देतात, आणि तो माल घ्यायला काही हरकत नाही. आयात मालाच्या पॅकिंगवर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष असणं कायद्याने बंधनकारक आहे. जर्मन नाव मोठ्या अक्षरात आणि आयातदाराचा मात्र पत्ता नाही, असा बॉक्स उचलू नये.

मॅन्युअल-ऑटोमॅटिकच्या या फरकातच आणखी एक सापळा असतो. ऑटोमॅटिक गाडीला मॅन्युअलचा रेडिएटर गळ्यात मारला जातो. तेलाच्या दोन पाइपांना जोडायला जागा नाही असं दिसलं की मेकॅनिक म्हणतो, "काही होत नाही साहेब, दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकू." म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाला कूलरच नाही. अंधेरीच्या पुलाखाली तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचं तेल किती तापेल, विचार करा.

खरेदी करण्याआधी रेडिएटर गळतोय हेच आधी पक्कं करायला हवं. मुंबईच्या दमट हवेत एसीचं पाणी भरपूर पडतं, आणि तो ओघळ दाखवून रेडिएटर बदलायला लावणारे कमी नाहीत. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं आणि पुढच्या सीटच्या पायापाशी, म्हणजे इंजिनच्या मागच्या बाजूला पडतं. कूलंट रंगीत आणि बोटांत बुळबुळीत लागतं, गळतं ते पुढे. खात्री हवी तर गाडी पूर्ण थंड असताना हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा. या गाडीच्या कूलंट भरायच्या टाकीच्या झाकणावर १४० लिहिलेलं असेल तर ते १.४ बारचं आहे. दाब तेवढाच द्यायचा, जास्त नाही, आणि काटा पंधरा मिनिटं बघत राहायचं. कित्येकदा दोष होजच्या आतल्या ओ-रिंगचा, वॉटर पंपाचा किंवा त्या झाकणाचाच निघतो.

हीच चाचणी नव्या रेडिएटरला दुकानातच करून मागा. तोंडं रबरी बुचांनी बंद करून, पाण्याच्या टबात बुडवून १.४ बार हवा. मग तेलाच्या कूलरची वेगळी चाचणी: रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, तेलाच्या एका तोंडाला बूच मारून दुसऱ्यातून हवा द्यायची आणि पाण्याच्या तोंडाशी बुडबुडे येतात का ते बघायचं. एक जरी बुडबुडा आला तरी तो रेडिएटर कामाचा नाही. प्रामाणिक दुकानदार कुरकुर करेल, पण करू देईल. "पाणी लागलं की परत घेणार नाही" असं म्हणणाऱ्याला पाण्याचीच भीती आहे. स्टॉप-लीक भरलेला माल मात्र या थंड चाचणीतही पास होऊ शकतो, म्हणून बोट घालून बघणं चुकवू नये.

घरी बसवताना जागा पहिली बघायची. सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये हे काम करू नये. पेव्हर ब्लॉकवर जॅक स्टँड ठेवायचा असेल तर खाली जाड प्लायवुड घ्या, कारण एका पायाखालचा ब्लॉक खचतो. इंजिन तापलेलं असताना झाकण उघडायचं नाही. खालचा ट्रे काढून कूलंट टबमध्ये सोडा, जमिनीवर नको. ते चवीला गोड आणि विषारी असतं, आणि कंपाउंडमधली मांजरं-कुत्री ते चाटतात. होजच्या तारेच्या क्लिपा स्क्रूड्रायव्हरने पूर्ण बाहेर न उपसता खटका येईपर्यंतच ओढायच्या, मग होज फिरवून सैल करायचा. नुसता उपटला तर टाकीची मान तुटते. पुढचा एसी कंडेन्सर सोडवून दोरीने बांधून ठेवा, त्याचे पाइप उघडायचे नाहीत. तेलाचे पाइप काढताना पडलेलं तेल मापाच्या भांड्यात धरा आणि तेवढंच नवं परत भरा. या गिअरबॉक्सला गाडीतली डिपस्टिक नसते. लेव्हल वर्कशॉपच्या पट्टीने, तेल ८० अंशांवर असताना बघतात, म्हणून काढलेलं माप हाच घरच्या कामातला भरवशाचा आधार. ओ-रिंगा आणि सील सगळे नवे.

काढलेलं तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून बघा. गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलंट आत गेलेलं आहे आणि नुसता रेडिएटर बदलून उपयोग नाही. स्वच्छ दिसलं म्हणजे सुटलो असंही नाही, कारण थोडं ग्लायकॉल डोळ्यांना दिसत नाही. शंका असेल तर तेल लॅबला द्यावं.

कूलंटमध्ये होणारी लूट छोटी पण रोजची. घरी येऊन काम करून देणारा मेकॅनिक ‘ओरिजनल कूलंट’चे पैसे लावतो आणि हिरवं पाणी ओततो. बरेचदा ते टँकरचं किंवा बोअरिंगचं जड पाणी असतं, ज्याचा क्षार नव्या नळ्यांत बसतो. एमबी ३२५.० (मर्सिडीजचं मानक) लिहिलेलं कूलंट स्वतः आणा, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. मुंबईत बर्फ पडत नाही हे खरं, पण निम्मं प्रमाण गंज रोखायला आणि उकळबिंदू वर न्यायला लागतं. तपासायला रिफ्रॅक्टोमीटर (एका थेंबावरून गोठणबिंदू दाखवणारं छोटं उपकरण) पुरतो: निम्म्या मिश्रणाचा एक थेंब उणे ३७ अंशांच्या आसपास दाखवतो, रंगीत पाणी शून्यावर राहतं. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थर्मोस्टॅट (कूलंटची झडप) आपोआप उघडून वरचा होज तापेपर्यंत इंजिन चालू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत लेव्हल पुन्हा बघा. पहिल्या सकाळी थोडी खाली गेलेली असतेच, आतली हवा निघते. रोज उतरत राहिली तर गळती आहे.

फसलोच तर? पक्कं बिल असेल तर हातात काहीतरी आहे. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, एकूण पंधरा अक्षरं-आकडे, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो; हे पैसे देण्याआधी करायचं. बिलावर ‘नवीन’ हा शब्द आणि पार्ट नंबर लिहून घ्या, नुसतं ‘रेडिएटर १ नग’ नको. बॉक्स उघडताना एकसलग व्हिडिओ काढा, टाकीवरचं घड्याळ आणि दात त्यात यायला हवेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची. मोबाइलवर पैसे घेऊन विक्रेता गायब झाला तर मात्र वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा.

आणि काढलेला जुना रेडिएटर. मेकॅनिक तो ‘भंगारात टाकतो’ म्हणून आपुलकीने मागतो, सोबत शाबूत फॅनचं कव्हर आणि मूळ क्लिपाही उचलतो. देऊ नका. भंगारवाल्याला विकण्याआधी जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन कोअरच्या नळ्यांमधून आठ-दहा ठिकाणी आरपार घाला आणि दोन्ही टाक्यांच्या माना हातोडीने तोडा. तसं केलं नाही, तर तोच पीस काळा रंग लावून बॉक्समध्ये बसतो.