टायमिंग किटचे पैसे घेतले, टाकला नुसता बेल्ट

जुनं इंजिन बसवून घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा, डिझेल डस्टरवाल्यांनी तर आधी.

गाडी डिझेल डस्टर, २०१३ ची. बेरिंग गेलं, क्रँकही (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) खराब झाला. नव्या इंजिनाचा भाव परवडणारा नव्हता, म्हणून पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने कुर्ल्याच्या भंगार बाजारातून इंजिन आणून बसवायचं ठरलं. हे दीड लिटरचं डिझेल इंजिन टेरानो, सनी, व्हेरिटो अशा बऱ्याच गाड्यांत आलंय, त्यामुळे मिळतं पटकन. पण आणलेलं इंजिन कुठल्या गाडीचं आणि किती चाललेलं, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. आम्हाला सांगितलं, ‘साठ हजार रनिंग आहे साहेब, एकदम कडक माल.’ त्या साठ हजारांना पुरावा काहीच नाही. डॅशबोर्डवरचा आकडा गाडीच्या मूळ इंजिनाचा, तो आणलेल्याला लागू पडत नाही.

म्हणूनच इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह म्हणजे झडपा एका तालात ठेवणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारा रोलर म्हणजे आयडलर आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंप एकदम बदलायचं ठरलं. या इंजिनात वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. बिलात ‘टायमिंग किट पंपासहित’ म्हणून ११,००० रुपये लावले. किटचा रिकामा खोका दाखवला, मोबाईलवर फोटोही पाठवला. जुने पार्ट मागितले तर उत्तर आलं, ‘भंगारवाला कालच घेऊन गेला.’ इथेच पाणी मुरत होतं.

गाडी मिळाल्यावर काही महिन्यांत थंड इंजिनावर उजव्या बाजूने बारीक किरकिर यायला लागली. गॅरेजवाल्याचं ठरलेलं उत्तर, ‘एसीचा बेल्ट आहे, पावसाळ्यात होतं.’ मग खंबाटकी घाट चढताना गाडी झटकन बंद पडली. सेल्फ मारला तर इंजिन एकदम हलकं, भराभर फिरत होतं, कॉम्प्रेशनच नाही, म्हणजे आत हवा दाबलीच जात नव्हती. जाणकाराला एवढ्यावरूनच कळतं. टायमिंग सुटलं, म्हणजे बेल्टने धरलेला ताल चुकला, की या इंजिनात पिस्टन सरळ व्हॉल्व्हला जाऊन भिडतात.

साताऱ्यातल्या दुसऱ्या मिस्त्रींनी माझ्यासमोर कव्हर उघडलं. बेल्ट खरोखर नवा, छपाई अजून ठसठशीत. टेन्शनर मात्र जुनाच. रोलर निळा-काळा पडलेला, बेरिंग हाताने फिरत नव्हतं, आणि अंगावर कोरलेलं वर्ष गाडीच्याही आधीचं, २०१२. पंपावर कूलंट झिरपल्याचे जुने पांढरे डाग. म्हणजे किटमधला बेल्ट तेवढा टाकला, बाकीचं दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकलं असणार. बेरिंग जाम झालं, बेल्ट दात सोडून सरकला, व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं. मिस्त्री म्हणाले, ‘दादा, बेल्टपेक्षा टेन्शनर आधी मरतो. त्यातलं ग्रीस आटलं की संपलं.’

स्विफ्ट डिझेलला या बेल्टऐवजी चेन असते, त्यामुळे कितीतरी लोकांना हा बेल्ट असतो हेच माहीत नसतं. असल्या गॅरेजवाल्यांचं त्यावरच फावतं.

या कामात काय बघायचं ते त्याच मिस्त्रींनी दाखवलं. बेल्ट चढवताना क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), दोन्ही पिन लावून लॉक करतात. टेन्शनरची खूण जागेवर आणून घट्ट केल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतात आणि खुणा परत जुळतात का ते तपासतात. तेवढा वेळ तिथे उभे राहा आणि कव्हर लावायच्या आधी टेन्शनरचा फोटो स्वतः काढा. जुने पार्ट कामाच्या दिवशीच ताब्यात घ्या, मग ते गाडीतच टाकून घरी न्यावे लागले तरी चालेल.

आणखी एक घोळ होता. पुण्याच्या गॅरेजवाल्याने दिलेल्या पावतीवर बसवलेल्या इंजिनाचा नंबरच नाही. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी विकणाऱ्याची नंबर लिहिलेली पावती लागणार, आणि ती द्यायला तो टाळाटाळ करत होता. एवढी टाळाटाळ कशासाठी, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

आता त्याला वकिलाची नोटीस गेली आहे. त्याचं म्हणणं, ‘जुन्या इंजिनाला गॅरंटी नसते.’ पण माझी तक्रार इंजिनाबद्दल नाहीच, पैसे घेऊन न बसवलेल्या पार्टबद्दल आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारताही येतं. सातारच्या मिस्त्रींनी जळका टेन्शनर पिशवीत घालून, वर तारीख लिहून मला दिलाय. तो आणि ११,००० चं बिल, दोन्ही वकिलाकडे जमा आहेत.