लाल खुणा दाखवून ६,५०० रुपये नेले

माझं घरीच डीटीपीचं काम आहे. ऐन लग्नसराईत पत्रिकेचा प्रोग्राम त्रास द्यायला लागला. प्रिंटवर क्लिक केलं की खिडकीच गायब, ना सूचना ना काही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे पत्रिका पोचवायच्या होत्या. घाईत मोबाइलवर ‘कॉम्प्युटर हेल्पलाइन’ शोधलं आणि सगळ्यात वर आला तो नंबर लावला. ती जाहिरात होती हे तेव्हा पाहिलंच नाही.

पलीकडचा माणूस हिंदीत, अगदी अदबीनं बोलत होता. त्यानं एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं, त्यातला नऊ आकडी क्रमांक विचारला आणि ‘परवानगी द्या’ म्हणाला. मी दिली. माझ्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपला आपण फिरू लागला. त्यानं विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. लाल आणि पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी! “मॅडम, हे सगळे व्हायरस. आज साफ केले नाहीत तर हार्ड डिस्क जाईल.” त्यात माझं दहा वर्षांचं काम होतं. मी यूपीआयनं ६,५०० रुपये भरले. तासभर काळ्या खिडकीत अक्षरं धावली. त्यानं फोन ठेवला, मी प्रिंट दिली, प्रोग्राम पुन्हा बंद. नंबर परत लावला तर उचलेनात.

चौथ्या दिवशी भाचा आला. त्यानं आधी इंटरनेट काढलं, ते सॉफ्टवेअर उडवलं आणि दुसऱ्या मशीनवरून माझे पासवर्ड बदलायला लावले. मग स्वतःचा नवाकोरा लॅपटॉप उघडून इव्हेंट व्ह्यूअर दाखवलं. तिथंही तसल्याच लाल-पिवळ्या खुणा! ती विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी तिथं नोंद पडते. डिस्ट्रिब्युटेडकॉम १००१६ ही नोंद तर धडधाकट मशीनवरही दिसते आणि तिनं काही बिघडत नाही. मला घाबरवायला त्या माणसानं हीच यादी वापरली होती.

गंमत नव्हे, खरंच सांगते, माझ्या दुखण्याचं उत्तर त्याच यादीत होतं. विंडोज लॉग्जमधल्या ‘अ‍ॅप्लिकेशन’ भागात भाच्यानं १००० क्रमांकाची ‘अ‍ॅप्लिकेशन एरर’ काढली. प्रोग्राम कोसळला की ती पडते, आणि ‘फॉल्टिंग मॉड्यूल’पुढे कोणत्या फाइलशी तो अडकला तिचं नाव असतं. माझ्याकडे प्रत्येक नोंदीत प्रिंटरच्या ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, एकच फाइल होती. मग त्यानं स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून दिवसवार आलेख उघडला. मंगळवारी नवा प्रिंटर बसवला त्याच दिवसापासून लाल फुल्या, त्याआधी एकही नाही. जुना ड्रायव्हर काढून प्रिंटर कंपनीच्या साइटवरचा टाकला. वीस मिनिटं, खर्च शून्य.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला तो चौथ्या दिवशी. पैसे पुढच्या खात्यातून कधीच निघून गेले होते. लगेच कळवलं तर रक्कम वाटेत गोठवता येते, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. तुमच्या घरी असं झालं तर आधी हा फोन करा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, तो तिथं विचारतात.