वारली ब्लँकेटचा विणकाम-संच: वीण उत्तम शिकवतो, आलेख मात्र सुधारून घ्यावा

भाचीच्या बाळासाठी विणायला घेतलेले लोकरीचे ब्लँकेट गेल्या आठवड्यात पूर्ण झाले. त्यासाठी मी तारपा नृत्याच्या नक्षीचा एक तयार संच मागवला होता. त्यात गेरू आणि पांढऱ्या रंगाची प्रत्येकी ३०० ग्रॅम लोकर, ४ मिमीची गोल सुई, नक्षीचा आलेख आणि मार्गदर्शक पुस्तिका होती. वीण डबल निटिंगची, म्हणजे एकाच सुईवर दोन पदर एकदम विणण्याची. (याच नावाने लोकरीची एक जाडीही ओळखली जाते, त्यामुळे मागवताना वर्णन नीट वाचावे.)

वारलीला ही वीण फार शोभते. गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, एवढ्या दोनच रंगांवर ती चित्रकला उभी आहे आणि या विणीलाही दोनच धागे लागतात. शिवाय दोन रंगांच्या नेहमीच्या विणकामात मागच्या बाजूला धागे लोंबतात व त्यांत बाळाची बोटे अडकू शकतात. येथे ते दोन पदरांच्या आत झाकले जातात.

आलेखातील प्रत्येक चौकोनासाठी दोन टाके विणावे लागतात. दोन्ही धागे मागे ठेवून पुढच्या पदराचा सुलट टाका घ्यायचा, मग दोन्ही धागे एकत्र पुढे आणून दुसऱ्या रंगाने मागच्या पदराचा उलट टाका घ्यायचा. एखादा धागा पुढे आणायचा राहिला, की मागच्या बाजूच्या नक्षीवर त्याची आडवी रेघ उमटते आणि उसवल्याशिवाय ती जात नाही. प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन्ही धाग्यांना पीळ दिला नाही, तर कड पिशवीसारखी उघडी राहते. पुस्तिकेने हे सारे मोठ्या, स्वच्छ छायाचित्रांतून इतके नेमके दाखवले आहे, की तिसऱ्या संध्याकाळी माझा हात बसला. परतीच्या ओळीत आलेख डावीकडून उजवीकडे आणि रंगांची अदलाबदल करून वाचायचा असतो, हेही तिने प्रत्यक्ष ओळ विणून समजावले आहे.

आलेखाबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. टाका उंचीपेक्षा रुंद असतो. माझ्या हाताने १० सेंमीत २० टाके आणि २८ ओळी बसल्या. आलेख साध्या चौकोनी कागदावर काढलेला असल्याने ५० चौकोन रुंद व तेवढेच उंच असे नर्तकांचे रिंगण २५ सेंमी रुंद आणि जेमतेम १८ सेंमी उंच झाले असते, म्हणजे चपटे. नमुन्याचा तुकडा आधी विणल्यामुळे हे वेळीच लक्षात आले आणि मी रिंगण ७० ओळींचे करून पुन्हा आखले. नमुना विणून पाहा, असे पुस्तिकेत कोठेही लिहिलेले नाही. नवशिक्या व्यक्तीचे कित्येक दिवसांचे काम अशाने वाया जाईल. दिलेल्या सुईवर वीण सैल पडत होती, म्हणून मी ३.५ मिमीची सुई घेतली.

ब्लँकेट साधारण ७० बाय ८० सेंमीचे, २८० टाक्यांचे झाले. दुहेरी असल्याने ते जड आणि उबदार आहे; नाशिकच्या थंडीला योग्य, मुंबईत नकोसे होईल. सुलट-उलट सराईतपणे येत असेल, तर हा संच जरूर घ्यावा. कडेला बाळाचे नाव घालायचे असल्यास एक काळजी घ्यावी: मागच्या बाजूला ते आरशातल्यासारखे उलटे उमटते, म्हणून दोन्ही पदरांसाठी त्या भागाचे आलेख वेगवेगळे काढावे लागतात.